जपणे आणि लपवणे

एखादी मौल्यवान वस्तू कोणी आपल्याकडे जपायला दिली, तर आपण काय करतो? ती कपाटात ठेवतो, कुलूप लावतो आणि कोणाला काही सांगत नाही. दागिन्यांच्या बाबतीत हे योग्यच आहे. पण जपायला दिलेली वस्तू म्हणजे कोणाचा तरी शब्द असेल, तर? असा शब्द, की जो तो माणूस स्वतः बोलू शकणार नाही त्या दिवशी इतरांनी ऐकावा म्हणून लिहून ठेवला आहे. तो कुलुपात ठेवला, तर आपण तो जपला की लपवला?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो आमच्या घरातच उभा राहिला.

आजोबांची वही

आम्ही इंदूरचे. आजोबा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले होते. प्रत्येक कागद जागच्या जागी ठेवणारा माणूस. विजेची बिले एका फाइलमध्ये, औषधांच्या चिठ्ठ्या दुसऱ्या फाइलमध्ये. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. वाचा गेली, शुद्ध हरपली. एकोणीस दिवस ते अतिदक्षता विभागात होते. सुधारणेची आशा फार थोडी आहे, असे डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यातच सांगितले आणि विचारले, "त्यांची स्वतःची इच्छा काय होती? कधी काही बोलले होते का?"

बाबा म्हणाले, "सगळे उपचार करा. ते लढणारे आहेत." काका म्हणाले, "त्यांना असं नळ्यांमध्ये पडून राहणं आवडलं नसतं." दोघेही वडिलांवरील प्रेमापोटीच बोलत होते. पण दोघांपैकी कोणालाही नक्की ठाऊक नव्हते. रुग्णालयाच्या त्या अरुंद व्हरांड्यात दोन भावांमध्ये जे बोलणे झाले, त्याची सल आजही पूर्ण गेलेली नाही.

आजोबा गेले. दहाव्या दिवशी आजीने पोथीच्या लाल फडक्यातून एक वही काढून बाबांच्या हातात दिली. आजोबांच्या रेखीव अक्षरात एक पान लिहिलेले होते. बरे होण्याची आशा नसेल तर यंत्रांवर ठेवू नये, घरी आणावे, खिडकीजवळच्या पलंगावर झोपवावे, रेडिओ हळू आवाजात लावून ठेवावा. त्यावर तारीख नव्हती, साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या. कायद्याच्या दृष्टीने तो कागद कच्चाच होता. पण डॉक्टर जो प्रश्न विचारत होते, त्याचे उत्तर त्या पानावर होते.

मी आजीला विचारले, "आजी, तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

आजी शांतपणे म्हणाली, "ह्यांनी सांगितलं होतं, कुणाला दाखवू नकोस. कधी दाखवायचं, ते सांगितलं नव्हतं."

तिच्या या दोन वाक्यांवर मी तेव्हापासून विचार करत आहे.

अधिकार संपतो, कर्तव्य उरते

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली होती. रतलामच्या जुन्या घराच्या व्यवहारासाठी आजोबांनी बाबांना कुलमुखत्यारपत्र करून दिले होते. रुग्णालयाचा खर्च वाढू लागला, तेव्हा बाबा ते पत्र घेऊन बँकेत गेले. अधिकाऱ्याने नम्रपणे विचारले, "वडील शुद्धीवर आहेत का?" बाबांनी खरे ते सांगितले. अधिकारी म्हणाले, "मग या पत्रावर आता पैसे काढता येणार नाहीत."

बाबा संतापून घरी आले. मी गप्प राहिले, कारण मला कारण माहीत होते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम २०१ मी चार गुणांसाठी पाठ केले होते. ज्याने अधिकार दिला त्याचा मृत्यू झाला किंवा तो विचार करण्यास असमर्थ झाला, तर त्याने दिलेला अधिकारही संपतो. पाठ करताना ती फक्त एक ओळ होती. तिचा अर्थ त्या दिवशी कळला. आपल्याकडचे साधे मुखत्यारपत्र नेमके त्याच दिवशी निकामी होते, ज्या दिवशी घरातल्यांना त्याची सर्वात जास्त गरज वाटते. पुढचा मार्ग बहुधा न्यायालयातून जातो, आणि अत्यवस्थ माणूस घरात असताना तो मार्ग फार लांब वाटतो.

पण त्याच कायद्यात थोडे पुढे कलम २०९ आहे. ते परीक्षेत फारसे विचारले जात नाही. त्याचा आशय असा, की मृत्यूमुळे किंवा मनाच्या असमर्थतेमुळे प्रतिनिधीचा अधिकार संपला, तरी त्याच्याकडे सोपवलेल्या हिताचे रक्षण करण्यासाठी त्याने सर्व वाजवी पावले उचललीच पाहिजेत.

हे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले. अधिकार संपतो, पण जपण्याचे कर्तव्य संपत नाही. दीडशे वर्षांपूर्वी व्यापारासाठी लिहिलेल्या कायद्यात हे वाक्य आहे! विश्वास म्हणजे हातात आलेली सत्ता नव्हे, हातात आलेली जबाबदारी आहे, हे आपण सत्संगात ऐकतो. रुक्ष कायदाही तेच सांगतो.

मावशीचे पत्र

आईची मावसबहीण गेली तीस वर्षे इंग्लंडमध्ये राहते. आजोबांबद्दल ऐकल्यावर तिने स्वतःचे कागद करायला घेतले. तिथे त्याला 'लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी' म्हणतात, म्हणजे टिकून राहणारे मुखत्यारपत्र. त्याची माहिती आजीला समजेल अशा मराठीत लिहून दे, असे मावशीने मला सांगितले. मी भाषांतराची सेवा करते म्हणून हे काम माझ्याकडे आले.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याने ही व्यवस्था आणली आणि २००७ पासून ती लागू आहे. आपल्याकडच्या मुखत्यारपत्राच्या अगदी उलट, माणसाची निर्णयक्षमता गेल्यावरही हे पत्र टिकते. त्याचे दोन प्रकार आहेत. एक मालमत्ता आणि पैशांचे, दुसरे आरोग्य आणि देखभालीचे. दुसऱ्या प्रकारचे पत्र तर माणूस स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल तेव्हाच वापरता येते. जीव टिकवणाऱ्या उपचारांबाबतचा निर्णय प्रतिनिधीकडे द्यायचा की नाही, हे पत्रात स्पष्ट लिहावे लागते.

केवळ सही करून भागत नाही. पत्र करणाऱ्याला त्याचा अर्थ समजतो आहे आणि त्याच्यावर कोणाचा दबाव नाही, याची खात्री एका त्रयस्थ व्यक्तीला द्यावी लागते. ही व्यक्ती कुटुंबातली चालत नाही. मग ते पत्र सरकारच्या सार्वजनिक पालक कार्यालयात नोंदवावे लागते. नोंदणीपूर्वी ते वापरता येत नाही. नोंदणी होत आहे हे ज्यांना कळवावे अशा काही व्यक्तींची नावे देता येतात, म्हणजे कोणाला आक्षेप असेल तर तो वेळेत घेता येतो. नोंदणी झाल्यावर बँकेला किंवा रुग्णालयाला दाखवण्यासाठी मूळ कागद हातातून सोडावा लागत नाही. प्रत्येक पान प्रमाणित केलेली प्रत चालते. अलीकडच्या पत्रांसाठी संगणकावरून एक संकेतांक देऊन ते पत्र खरे आहे हे पाहू देता येते.

हे सगळे भाषांतरित करताना माझ्या लक्षात आले की या व्यवस्थेत दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. पत्र सुरक्षितही आहे आणि योग्य माणसांना माहीतही आहे. मूळ कागद कोणाच्याही हाती पडत नाही, पण पत्र आहे ही गोष्ट गुपित राहत नाही.

मावशीसाठी सर्वात अवघड भाग मात्र कागदाचा नव्हताच. तिने प्रतिनिधी म्हणून मुलीला आणि एका जुन्या मैत्रिणीला निवडले होते. मुलाला निवडले नव्हते. त्याला हे कसे सांगायचे? सांगितले नाही तर? पुढे कळेलच, तोपर्यंत घरात शांतता राहील, असा विचार तिच्या मनात आला होता. शेवटी तिने त्याला जेवायला बोलावले आणि समोर बसून सांगितले, "तू मला सोडून देऊ शकणार नाहीस, म्हणून हे ओझं तुझ्यावर टाकत नाही." तो दुखावला. दोन महिने फोन कमी झाले. पण त्याचा राग ज्या व्यक्तीवर होता, ती व्यक्ती उत्तर द्यायला समोर होती. आमच्या घरात काका आणि बाबा ज्यांना विचारू शकले असते, ते अंथरुणावर निःशब्द होते. हा फरक फार मोठा आहे.

दिलेला शब्द पाळणे नेहमीच योग्य का?

आता आजीकडे परत येऊ. आजीचे चुकले का?

सुरुवातीला मला वाटले, होय. शब्द कशासाठी दिला होता, ते पाहायला हवे होते. मुले घाबरू नयेत म्हणून आजोबांनी गुप्तता मागितली असेल. ते बेशुद्ध झाल्यावर ते कारणच उरले नाही. उलट गुप्तता आता त्यांच्याच इच्छेच्या आड येत होती. मग शब्दाच्या अक्षराला धरून राहण्यात काय अर्थ?

पण थोडे थांबून विचार केला, तर हे उत्तर इतके सोपे नाही. 'शब्द देण्यामागचा हेतू आता उरला नाही,' असे ठरवण्याचा अधिकार जर प्रत्येकाने स्वतःकडे घेतला, तर कोणाच्या शब्दावर विसंबायचे? आज हेतू पाहून शब्द मोडणारा उद्या सोय पाहूनही मोडेल, आणि सोयीला हेतूचे नाव देणे मनाला फार चांगले जमते. आजीने पन्नास वर्षांच्या संसारात एकही शब्द मोडला नव्हता. त्या एकोणीस दिवसांत तिच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना मी करू शकत नाही. ती रोज रुग्णालयात यायची, बाहेरच्या बाकावर बसायची आणि जपमाळ ओढायची. तिच्याजवळ उत्तर होते आणि ते न सांगण्याचे वचनही होते.

आज मला वाटते की चूक शब्द पाळण्यात नव्हती. चूक शब्द मागण्यात होती. आजोबांनी आपली इच्छा लिहिली, पण ती कधी उघडायची हे सांगितले नाही. एका व्यक्तीवर सगळा भार टाकला आणि तो कधी उतरवायचा हे सांगायचे राहून गेले. आजोबांचा हेतू प्रेमाचाच होता. पण त्या प्रेमात थोडी भीतीही होती. मुलांशी मृत्यूविषयी बोलण्याची भीती. ती त्यांनी वहीत बंद केली आणि वही आजीला दिली.

आपणही असेच करतो ना? घरात हा विषय निघाला की 'अशुभ बोलू नका' म्हणून आपण तो थांबवतो. ध्यानात बसून देहाच्या अनित्यतेचा विचार करणे त्या मानाने सोपे आहे. जेवणाच्या टेबलावर मुलांना समोर बसवून 'मी बोलू शकले नाही, तर असे करा' हे सांगणे अवघड आहे. मला वाटते, आपल्या साधनेची खरी कसोटी त्या टेबलावर लागते.

भाषांतरकार आणि मुखत्यार

'मुखत्यार' या शब्दात 'मुख' दिसते, म्हणून आजी समजत होती की मुखत्यार म्हणजे आपल्या तोंडाने बोलणारा माणूस. खरे तर हा शब्द अरबी 'मुख्तार'वरून आला आहे. त्याचा अर्थ निवडलेला, अधिकार असलेला. तरी आजीचा अर्थ मला जास्त आवडतो.

भाषांतर करताना मला सर्वात आधी एक गोष्ट शिकवली गेली. मूळ वाक्य मला पटले नाही, तरी ते बदलण्याचा अधिकार मला नाही. ते जास्त गोड करायचे नाही, त्यात माझे ज्ञान मिसळायचे नाही. मला नीट कळले नसेल, तर पुन्हा विचारायचे. विचारण्याची सोय नसेल, तर त्या व्यक्तीचे बाकीचे बोलणे पुन्हा वाचायचे आणि तिने काय म्हटले असते याचा प्रामाणिक शोध घ्यायचा.

मुखत्याराचे कामही हेच आहे. तो अशा माणसाचे भाषांतर करतो, जो आता बोलत नाही. 'मला काय हवे आहे?' हा प्रश्न बाजूला ठेवून 'त्यांना काय हवे असते?' हे तो विचारतो. बाबांनी व्हरांड्यात जे सांगितले ते प्रेम होते, पण त्यात आवाज बाबांचा होता. काकांनी सांगितले त्यात काकांचा. आजोबांचा आवाज लाल फडक्यात होता. दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेताना स्वतःला दूर ठेवणे, यापेक्षा मोठा निष्काम कर्माचा अभ्यास घरात बसून क्वचितच मिळेल.

कुठे ठेवावे, कोणाला सांगावे

आपल्या देशात आरोग्याच्या बाबतीत आता एक मार्ग उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात कोणते उपचार नकोत, हे सज्ञान आणि शुद्धीवर असलेली व्यक्ती लिहून ठेवू शकते. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचे असते. आपल्या वतीने कोणी बोलावे, त्या एक किंवा अधिक जवळच्या व्यक्तींची नावे त्यात द्यायची असतात. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळे पाहणी करतात, म्हणजे निर्णय एकट्या नातेवाइकावर पडत नाही. शुद्धीत असेपर्यंत हे पत्र लेखी स्वरूपात मागेही घेता येते. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातील न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र केले, तेव्हा गोव्यात या विषयावर मोकळेपणाने चर्चा झाली.

न्यायालयाने प्रती कोणाला द्यायच्या हेही सांगितले आहे. नेमलेल्या व्यक्तींना, कौटुंबिक डॉक्टर असल्यास त्यांना आणि स्थानिक प्रशासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला. म्हणजे कायद्यालाही हा कागद एकाच कपाटात नको आहे.

आमच्या घरी आजीने आणि आईने आपापली पत्रे केली, तेव्हा आम्ही काही गोष्टी ठरवल्या. त्या आपल्यालाही उपयोगी पडतील.

मूळ पत्र घरातच, ओलाव्यापासून दूर, दोघांना ठाऊक असलेल्या जागी ठेवले आहे. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले नाही. लॉकर ज्याच्या नावावर तोच बेशुद्ध असेल, तर आतला कागद कोणाच्या उपयोगाचा?

प्रत कोणाकोणाकडे आहे, त्याची यादी मूळ पत्राला जोडली आहे. पत्र बदलले तर जुन्या प्रती परत मागायच्या. जुनी प्रत फिरत राहणे हे प्रत नसण्यापेक्षाही वाईट.

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पत्राचा फोटो टाकलेला नाही. त्यात सही असते, पत्ता असतो, कधी आधार क्रमांकही असतो. गटावर फक्त एवढेच लिहिले, की असे पत्र केले आहे, अमुक दोघांना नेमले आहे आणि त्यांच्याकडे प्रत आहे. आधारची प्रत जोडायची झाली, तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी झाकलेली प्रत वापरायची.

आजीच्या पाकिटात एक छोटी चिठ्ठी आहे. त्यावर दोन फोन क्रमांक आणि एक ओळ: 'माझे वैद्यकीय इच्छापत्र यांच्याकडे आहे.'

आणि ज्यांना नेमलेले नाही, त्यांना आधी सांगितले. आजीने स्वतः काका आणि बाबा दोघांनाही एकत्र बसवून सांगितले. ती बैठक सोपी नव्हती. पण आजोबांनंतर दोघे भाऊ प्रथमच त्या एकोणीस दिवसांविषयी एकमेकांशी बोलले.

पैशांच्या व्यवहारासाठी मात्र साध्या मुखत्यारपत्रावर विसंबून राहू नये, हे आम्ही शिकलो. आईने घरखर्चाचे खाते 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीने संयुक्त केले आणि नामनिर्देशन तपासून घेतले. आपापल्या परिस्थितीनुसार वकिलांचा सल्ला घेणे उत्तम.

शब्द सोपवताना

आजीचे इच्छापत्र तिने मला लिहायला सांगितले. ती बोलत होती, मी लिहीत होते. एका ठिकाणी मी थोडे चांगले शब्द घातले. तिने ऐकले आणि म्हणाली, "हे मी नाही बोलले. मी म्हटलं तेच लिही." मी खोडले आणि तिचेच शब्द लिहिले.

शेवटी मी विचारले, "हे कुणाला दाखवायचं?"

ती म्हणाली, "ज्यांची नावं घातलीत त्यांना आजच. बाकीच्यांना, विचारतील तेव्हा."

या वेळी तिने 'कधी' तेही सांगितले होते.

सोपवणे म्हणजे केवळ हातात देणे नव्हे. काय सोपवले, का सोपवले आणि कधी उघडायचे, हे सांगणे हा सोपवण्याचाच भाग आहे. तो राहिला, तर आपल्या सर्वात विश्वासू माणसाच्या पदरात आपण विश्वास नाही, कोडे टाकून जातो.

या आठवड्यात आपण एवढेच करू या. दहा मिनिटे शांत बसू या आणि स्वतःला विचारू या: उद्या मी बोलू शकलो नाही, तर माझ्या वतीने कोण बोलेल? त्या व्यक्तीला हे ठाऊक आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर कागद नंतर करता येईल. आधी त्या व्यक्तीला चहाला बोलवू या.